एक-अकरा-छप्पन

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात 'एक-अकरा-छप्पन' एवढे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. मुंबई राज्यातला हा मुलूख त्या दिवशी, १ नोव्हेंबर १९५६ ला, म्हैसूर राज्यात गेला. मराठी माणूस तो काळा दिवस म्हणून पाळतो आणि पलीकडच्या गल्लीत त्याच सकाळी राज्योत्सवाचा पिवळा-लाल झेंडा लागतो. इथल्या शेंबड्या पोराला कळणारी ही तारीख पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या, तारखा वाचणाऱ्या डेटयुटिल नावाच्या लायब्ररीला (म्हणजे तयार कोडच्या संचाला) '१-११-५६' अशी, इंग्रजी अंकांत लिहून दिली, तर ती बेधडक उत्तर देते: ११ जानेवारी २०५६. महिना चुकला, शतकही चुकले, आणि तोंडावर रेषसुद्धा हलली नाही.

जुनी इतिवृत्ते, स्मरणिका, हस्तपत्रके, वर्तमानपत्रांची कात्रणे स्कॅन करून त्यांतल्या घटना तारखेवार लावायच्या म्हटले की पहिली गाठ या प्रश्नाशी पडते. मजकूर मोकळा असतो. तारीख वाक्यात कुठेही, कशीही येते. ती शोधून काढणाऱ्या लायब्ऱ्या फुकट मिळतात आणि दोन ओळींत चालूही होतात. त्या दोन ओळींवर विसंबले की काय होते, ते वरच्या उदाहरणात आले.

आधी महिन्याची चूक पाहू. डेटयुटिल काही सांगितले नसेल तर अमेरिकी पद्धतीने महिना आधी धरते. पण पहिला आकडा बारापेक्षा मोठा असेल तर तो महिना असूच शकत नाही, म्हणून गुपचूप दिवस आधी धरते. सीमाभागातल्या तीन तारखा घ्या. १७/१/१९५६, म्हणजे हुतात्मा दिन: १७ हा महिना नाही, म्हणून बरोबर वाचली जाते. १/११/१९५६ ची ११ जानेवारी होते. १/६/१९८६, म्हणजे कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनातल्या गोळीबाराचा दिवस, ६ जानेवारी होतो. एकाच फाइलमध्ये काही तारखा सुलट आणि काही उलट, हा सगळ्यांत वाईट प्रकार. सगळ्याच चुकल्या असत्या तर पहिल्या पानावर कळले असते. महिन्याच्या तेरा तारखेपासून पुढचे सगळे नीट दिसते, म्हणून चाळणाऱ्याची नजर फसते.

यावर 'डे-फर्स्ट', म्हणजे 'दिवस आधी', हा पर्याय चालू ठेवायचा, हे कोणीही सांगेल. पण तो हुकूम नसून नुसती पसंती आहे. '१/१३/१९५६' असे काही आले तर लायब्ररी पसंती बाजूला ठेवून १३ जानेवारी करते, आणि टंकलेखनाची चूक चूक म्हणून वर येतच नाही. त्याहून खोल खड्डा म्हणजे, हाच पर्याय चालू असताना '१९५६-११-०१' ही साल आधी असलेली, अगदी प्रमाण पद्धतीची तारीखसुद्धा उलटते. साल काढून झाले की उरलेल्या दोघांत दिवस आधी, असे ती समजते, आणि परत ११ जानेवारी हातात. म्हणून साल आधी असलेल्या तारखा वेगळ्या वाटेने, 'फ्रॉम-आयएसओ-फॉरमॅट' या कडक फंक्शनने वाचाव्यात. उरलेल्याच डे-फर्स्टकडे द्याव्यात. पांडाज ही तक्ते हाताळणारी लायब्ररी वापरणाऱ्यांनी आवृत्ती बघावी. २.० पासून ती स्तंभातल्या पहिल्या तारखेवरून साचा ठरवते आणि तोच सगळ्यांना लावते. पहिली ओळ १७/१ ची असेल तर सगळे सुरळीत. पहिली ओळ १/११ ची असेल तर पुढे १७/१ आली की गाडी थांबते. थांबते ते बरेच. आधीच्या आवृत्त्या थांबत नसत.

शतकाची चूक वेगळ्या कारणाने होते. दोन आकडी साल दिसले की डेटयुटिल आजच्या सालापासून पन्नास वर्षांच्या आतले शतक निवडते. पायथनच्या स्वतःच्या तारीख वाचणाऱ्या फंक्शनमध्ये ठरीव उंबरठा आहे: ६९ ते ९९ म्हणजे एकोणीसशे, ०० ते ६८ म्हणजे दोन हजार. दोन्ही हिशोबांत ८६ चे १९८६ होते आणि ५६ चे २०५६. सीमाप्रश्नाचे अर्धे कागद छप्पन, सत्तावन्न, सदुसष्टचे. यावर नियम साधा आहे: कागद ज्या साली छापला, त्याच्या पुढची तारीख भूतकाळी क्रियापदाबरोबर आली तर शंभर वजा करा. त्यासाठी प्रत्येक कागदाचे स्वतःचे साल आधी माहीत हवे. ते हाताने भरावे लागते. त्याला पळवाट नाही.

आता लिपीकडे. डेटयुटिलला परक्या भाषेतली महिन्यांची नावे शिकवता येतात. 'पार्सर-इन्फो' नावाच्या वर्गात यादी भरायची, की झाले. फ्रेंच, जर्मनला हे चालते. मराठीला चालत नाही, आणि का चालत नाही हे कळेपर्यंत दुपार जाते. लायब्ररी मजकुराचे तुकडे पाडताना प्रत्येक चिन्हाला 'तू अक्षर आहेस का' असे विचारते. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या, वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी, उकार ही अक्षरे नाहीत, चिन्हे आहेत. त्यामुळे 'जून' हा शब्द 'ज', दीर्घ उकार आणि 'न' अशा तीन तुकड्यांत फुटतो, आणि यादीतला 'जून' कधी सापडतच नाही. पायथनच्या 're' या, साच्याने मजकूर शोधणाऱ्या मॉड्यूलमध्येही हाच घोळ. 'शब्दातले अक्षर' या अर्थाची खूण वापरली की 'मार्च'चे 'म', 'र', 'च' हाती येतात, आणि शब्दाची सीमा दाखवणारी खूण शब्दाच्या पोटातच सीमा दाखवते. सीमाभागाला हे नवीन नाही म्हणा! 'रेजेक्स' नावाचे वेगळे मॉड्यूल मिळते, ते चिन्हांना शब्दाचा भाग मानते. ते बसवावे, किंवा शब्दसीमेची खूण सोडून आजूबाजूला मोकळी जागा, विरामचिन्ह वा ओळीचे टोक आहे का, एवढेच तपासावे.

डेटपार्सर ही दुसरी लायब्ररी बहुभाषी आहे; तिच्यात मराठीही आहे आणि कन्नडही. इथल्या कामाला तीच जवळची. पण तिच्यात 'नॉर्मलाइझ' नावाचे सेटिंग मुळातच चालू असते. युरोपी भाषांतल्या अक्षरांवरचे स्वरचिन्ह काढून टाकावे, म्हणजे कोणी ते लिहिले काय नि न लिहिले काय, शब्द जुळेल, असा त्यामागचा विचार. तोच वरवंटा देवनागरीवर फिरला की उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे गळून पडते; काना, वेलांटी तेवढी वाचतात, कारण त्यांची वर्गवारी निराळी. 'जून'चे 'जन' होते, 'जुलै'चे 'जल', आणि 'मे'चा नुसता 'म'. यादीतली नावेही तशीच चेचलेली असल्यामुळे जुळणी होते, म्हणून वरवर सगळे ठीक वाटते. पण आता 'जल' आणि 'जुलै' यांत फरक उरलेला नाही. आपण बोलताना 'काना-मात्रेचा फरक नाही' असे कौतुकाने म्हणतो. इथे तो खरोखरच शिल्लक राहात नाही. हे सेटिंग बंद करावे.

अंकांचे त्या मानाने सोपे. पायथन देवनागरी अंकांना अंक मानतो. 'इंट' फंक्शनला '१९५६' दिले तर बरोबर संख्या मिळते. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत अंकाची खूण फक्त इंग्रजी दहा अंक ओळखते. भरवसा न ठेवता पहिल्याच पायरीला देवनागरी आणि कन्नड अंक बदलून इंग्रजी करून घ्यावेत. एकास एक अदलाबदल असल्याने मजकुराची लांबी बदलत नाही, आणि तारीख मूळ पानावर कुठल्या जागी होती हे हरवत नाही. कन्नड मजकुरात एक खोच आहे: कन्नड शून्य आणि कन्नड अनुस्वार दोघेही दिसायला वाटोळेच, म्हणून टंकलेखकाची बोटे एकाच्या जागी दुसरा ठेवून जातात. दोन अंकांच्या मध्ये अनुस्वार आला तर तो शून्य समजावा. आणि कागद श्रीलिपी किंवा कन्नडमधल्या नुडीसारख्या जुन्या फॉन्टमधला असेल तर या सगळ्याच्या आधी तो युनिकोडमध्ये आणावा लागतो. नाहीतर पडद्यावर मराठी दिसते आणि आत भलतीच अक्षरे असतात.

महिन्यांच्या नावांचे तक्ते लायब्ऱ्यांत युनिकोडच्या सीएलडीआर या संग्रहातून येतात. तिथे जानेवारी, फेब्रुवारी, सप्टेंबर, नोव्हेंबर ही नीटस रूपे आहेत. कागदावर सप्टेम्बर, ऑक्टोंबर, आक्टोबर, फेब्रुआरी, ऑगष्ट भेटतात. शिवाय कन्नड शाळेत शिकलेल्या हाताने मराठी लिहिले की जनवरी, अक्टोबर, नवेंबर येतात. प्रत्येक महिन्याला सात-आठ रूपांची यादी स्वतः करावी. 'जवळपास जुळणारा शब्द चालेल' अशी सवलत देण्याचा मोह होतो. ती फार तर पाच अक्षरांपुढच्या नावांना, आणि एकाच चिन्हाच्या फरकापुरती द्यावी. नाहीतर या भागात 'मार्च' शोधताना प्रत्येक 'मोर्चा' सापडेल, आणि मोर्चे इथे बाराही महिने निघतात.

नावाला चिकटलेले प्रत्यय हा मराठीचा खास भाग. मार्चला, मार्चच्या, मार्चपासून, मार्चपर्यंत, जानेवारीत, मार्चअखेर. तयार लायब्ररी मोकळा 'मार्च' ओळखते, 'मार्चअखेर' नाही. प्रत्यय तोडून मूळ शब्द द्यावा हे खरे, पण तोडलेला प्रत्यय फेकू नये. 'मार्चअखेर' म्हणजे ३१ मार्च. 'जूनपूर्वी' म्हणजे १ जूनच्या आधी आणि 'जूनपर्यंत' म्हणजे बहुधा ३० जूनपर्यंत. अर्थ प्रत्ययात आहे; नाव नुसते खुंटी. आणि 'मे'ला 'ला' लावताना जरा जपून. '५ मेला बैल मेला' या वाक्यात एकच शब्द दोनदा आला आहे आणि फक्त पहिल्याच्या आधी अंक आहे. एवढ्या एका आधारावर निवाडा करायचा. 'मे.' असा टिंब दिलेला 'मे' तर बहुतेक वेळा मेसर्स असतो, आणि 'जून' भेंडीलाही लागतो.

सापडू नये ते सापडणे, हा विषय इथे इतका समृद्ध आहे की त्यावर थोडे थांबायला हवे. 'ता.' हे अक्षर घ्या. 'ता. १५ मार्च' मध्ये ती तारीख, आणि 'ता. खानापूर, जि. बेळगाव' मध्ये तालुका. नियम असा: 'ता.' नंतर अंक किंवा अंकवाचक शब्द आला तर तारीख, दुसरे काही आले तर तालुका. 'दि.', 'दिनांक', 'रोजी', 'साली' या खुणा जास्त विश्वासाच्या. कन्नड कागदात 'रोजी'च्या नेमक्या जागी 'रंदु' येते, 'दिनांक ०१-११-१९५६ रंदु' असे. दोन्ही भाषांच्या वाक्याची चाल इथे इतकी सारखी की एकच साचा दोघांना पुरतो.

जमिनीचे कागद तर तारखांचे भास घेऊनच येतात. रि. स. नं. १२/३/२ हा सर्व्हे नंबर आहे. क्षेत्र २-१५-८ म्हणजे दोन एकर, पंधरा गुंठे, आठ आणे. डेटयुटिलच्या मते १५ फेब्रुवारी २००८. अशा आकड्यांच्या आधीच्या तीन शब्दांत 'नं.', 'क्षेत्र', 'गुंठे', 'आकार' असे काही असेल तर तो तुकडा लायब्ररीला दाखवूच नये. 'फझी' नावाची सवलत, म्हणजे अख्खे वाक्य द्यायचे आणि नको ते शब्द तिने वगळायचे, ही अशा कागदांवर चालू ठेवणे म्हणजे मांजरीला दुधाची राखण सांगणे. डेटपार्सरच्या 'सर्च-डेट्स'चाही तोच स्वभाव: एखादा सुटा आकडा, एखादा सुटा वार, काहीही तारीख ठरते. शिवाय ती सापडलेला तुकडा आणि तारीख देते, पण तुकडा मजकुरात कितव्या अक्षरावर होता ते देत नाही. त्यामुळे शोध आपल्या साच्यांनी घ्यावा आणि लायब्ररीकडे फक्त वेचलेला तुकडा द्यावा, भाषा कुठली हे स्पष्ट सांगून. शोधणे आपले, वाचणे तिचे.

बेळगावात वारांचीही पंचाईत आहे. घाऊक बाजार रविवार पेठेत. टिळकवाडीत सोमवार पेठ, मंगळवार पेठ, गुरुवार पेठ, शुक्रवार पेठ. शहराच्या मधोमध शनिवार खूट हा चौक. 'रविवार पेठेतील व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली' या वाक्यातून लायब्ररी शांतपणे जवळपासच्या कुठल्यातरी रविवारची तारीख काढून देते. वारानंतर पेठ, खूट, गल्ली, बाजार यांपैकी शब्द आला तर तो पत्ता. 'बाजार' मात्र दोन्हीकडून येतो: 'शनिवारच्या बाजारात' यात वार खराच असतो. विभक्तीचा 'च्या' मध्ये आहे की नाही, एवढ्यावर तो सुटतो.

सहकारी संस्थांचे अहवाल वाचताना आणखी एक गंमत दिसते, आणि ती कोड्यात शोभेल अशी आहे. 'सन २०११-१२' हे आर्थिक वर्ष. ऊसपट्ट्यात 'गळीत हंगाम २०११-१२' असेही लिहितात. डेटयुटिल ते डिसेंबर २०११ असे वाचते: आधी साल, मग महिना. '२०१०-११' म्हणजे नोव्हेंबर २०१०. मागे जात राहिले की '२०००-०१' म्हणजे जानेवारी २०००. अशी ओळीने बारा वर्षे, प्रत्येकाला बरोबर एक एक महिना वाटून दिलेला. '२०१२-१३' ला मात्र तेरावा महिना नसल्याने ती अडते. बाराच अहवाल चुकीचे आणि त्यानंतरचे सगळे नापास, असे दिसले की कारण हेच. चार आकडी सालानंतर आडवी रेघ आणि त्याच्या पुढचेच दोन आकडी साल आले, तर ते वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे नोंदवावे. गळीत हंगाम असेल तर तसेही नाही. हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि ऊस संपला की संपतो. तिथे नुसते '२०११-१२ चा हंगाम' एवढेच लिहून ठेवणे प्रामाणिकपणाचे.

मला या सगळ्या खटाटोपात खरी धास्ती वाटते ती याच जागेची: लायब्ररी रिकाम्या जागा भरून टाकते. 'छप्पन साली निपाणीत सभा झाली' यात दिवस नाही, महिना नाही. पण लायब्ररीच्या तारखेला दिवस आणि महिना असावाच लागतो, म्हणून ती आजचा दिवस, आजचा महिना घालते. १४ ऑगस्टला प्रोग्राम चालवला तर सभा १४ ऑगस्ट १९५६ ला झाली. दुसऱ्या दिवशी चालवला तर १५ ऑगस्टला. पुढच्या वाचकाला मग ती सभा स्वातंत्र्यदिनाचीच वाटणार, आणि कोणीतरी तसे लिहिणारही. चुकीची वाचलेली तारीख निदान कागदावर होती. ही कागदावर नव्हतीच.

पकडायची युक्ती स्वस्त आहे. डेटयुटिलला 'डिफॉल्ट', म्हणजे रिकाम्या जागा भरायची तारीख, म्हणून एकदा १ जानेवारी २००१ द्या आणि तोच तुकडा परत २ फेब्रुवारी २००२ देऊन वाचून घ्या. दोन उत्तरांत जो भाग बदलला, तो मजकुरात नव्हता. दिवस बदलला तर महिन्यापुरती माहिती, दिवस-महिना दोन्ही बदलले तर सालापुरती, साल बदलले तर ती तारीख एकटी उभी राहू शकत नाही. डेटपार्सरमध्ये 'रिक्वायर-पार्ट्स' या सेटिंगने दिवस, महिना, साल तिन्ही असल्याशिवाय उत्तर देऊ नकोस असे बजावता येते. सगळेच नाकारायचे नसेल तर 'गेट-डेट-डेटा' हे फंक्शन तारखेबरोबर 'पीरियड' देते: दिवस, महिना की वर्ष. साठवताना तारखेचा एक रकाना पुरत नाही. मूळ शब्द जसेच्या तसे, पानावरची जागा, कालखंडाची सुरुवात, शेवट, आणि कुठल्या नियमाने काढली, हे पाच तरी हवेत. 'छप्पन साली'ची सुरुवात १ जानेवारी आणि शेवट ३१ डिसेंबर १९५६. '२६ व २७ डिसेंबर १९२४ रोजी बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन' अशी जोडतारीखही मग निमूट बसते. नाहीतर २६ सुटते आणि २७ उरते. अंदाजे, अनिश्चित, अर्धवट तारखा लिहिण्याची ठरीव पद्धत २०१९ साली आयएसओ ८६०१ च्या दुसऱ्या भागात आली आहे. ती वापरली तर 'छप्पनच्या सुमारास'लाही जागा मिळते.

सापेक्ष शब्दांना एक पाया लागतो, डेटपार्सरमध्ये 'रिलेटिव्ह-बेस'. तो दिला नाही तर १९६७ च्या अंकातला 'काल' हा आपल्या घरातला काल होतो. वर्तमानपत्रात पाया म्हणजे बातमीची तारीख, अंकाची नव्हे. जुन्या बातम्यांत 'बेळगाव, ता. ३१' एवढेच असते, महिना नसतो. अंक १ नोव्हेंबरचा असेल तर ३१ ही अंकाच्या दिवसापेक्षा मोठी, म्हणून मागचा महिना. 'आठ दिवसांनी' म्हणजे सातच दिवस, 'पंधरा दिवसांनी' म्हणजे पुढच्या पंधरवड्यात तोच वार. यंत्र आकडे मोजून एक दिवस पुढे जाते. मुहूर्ताच्या आणि सभांच्या निमंत्रणांत हा एक दिवस नडतो.

आणि मग 'परवा'. हिंदीतल्या 'कल'ची थट्टा आपण करतो, पण आपला परवा दोन्ही तोंडांनी बोलतो. 'परवा आला' मागचा, 'परवा येणार' पुढचा. वाक्य संपेपर्यंत, क्रियापद हाती येईपर्यंत तारीख ठरत नाही. कन्नडने हे घर आधीच लावून ठेवले आहे: मागचा परवा 'मोन्ने', पुढचा 'नाडिद्दु'. काल 'निन्ने', उद्या 'नाळे'. एकाच नोटिसीची मराठी आणि कन्नड प्रत शेजारी असेल तर 'परवा'चा निवाडा कन्नड प्रतीवरून करावा. भाषेच्या वादात तेवढा तरी एकमेकांना उपयोग. नुसती मराठी असेल तर वाक्याच्या शेवटी 'णार', 'ईल', 'तील', 'आहे' बघावे. तेही नसेल तर दोन्ही शक्यता लिहून ठेवाव्यात.

शके आले की या लायब्ऱ्या हात टेकतात. डेटपार्सरमध्ये हिजरी आणि इराणी जलाली पंचांगांची सोय आहे, शकाची नाही. शक अधिक ७८, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत अधिक ७९, हे साल काढायला पुरते; दिवस काढायला नाही. शासकीय राजपत्रातला शक हा १९५७ साली स्वीकारलेले राष्ट्रीय पंचांग. त्यात १ चैत्र ठरलेला: २२ मार्च, लीप वर्षात २१ मार्च. 'कार्तिक १०, शके १९३६' म्हणजे १ नोव्हेंबर २०१४, ज्या दिवशी कागदोपत्री बेळगावचे बेळगावी झाले. हे साध्या बेरजेने निघते. लग्नपत्रिकेतला 'चैत्र शुद्ध प्रतिपदा' मात्र चंद्राचा. २०२३ साली गुढीपाडवा नेमका २२ मार्चला आला, त्यामुळे त्या वर्षीच्या पाडव्यावर तपासणाऱ्याला दोन्ही पंचांगे एकच वाटली असती. २०२४ चा पाडवा ९ एप्रिलला, २०२५ चा ३० मार्चला. त्याच २०२३ मध्ये श्रावण अधिक होता. 'श्रावण शुद्ध पंचमी, शके १९४५' असे लिहिले आणि अधिक की निज ते लिहिले नाही, तर दिवस दोन निघतात, मध्ये महिनाभराचे अंतर. तिथीसाठी पंचांगाचे गणित करणारी वेगळी लायब्ररी लागते. कन्नड कागदात आश्विनाला 'आश्वयुज' आणि पौषाला 'पुष्य' लिहिलेले असते. महिने अमावास्येला संपणारे, आपल्यासारखेच, म्हणून नुसत्या नावांचा तक्ता जोडला की भागते. बिदर, भालकीकडचे निजामी कागद असले तर फसली, म्हणजे महसुली, सन येतो. त्यात ५९० मिळवावे, जानेवारीपासूनच्या महिन्यांना ५९१.

शेतकऱ्याचे कॅलेंडर आणखी निराळे. 'रोहिणीत धूळवाफ पेरणी केली' ही खानापूरकडची तारीखच आहे, फक्त ती दिवस सांगत नाही. रोहिणी साधारण २५ मेपासून, मृग ७ जूनपासून. सुरुवात आणि शेवटाचे रकाने असतील तर तीही बसते. 'यात्रेच्या आदल्या दिवशी' बसत नाही. गावागणिक यात्रेचा तक्ता करणारा कोणी असेल तर गोष्ट वेगळी.

आजकाल हे सगळे मोठ्या भाषा-मॉडेलला विचारता येते, आणि 'परवा', 'ता.' असल्या जागी ते लायब्ररीपेक्षा बरे वाचते. पण रिकाम्या जागा भरण्याची खोड त्यालाही आहे. उत्तराबरोबर मूळ शब्द जसेच्या तसे मागावेत आणि ते मजकुरात खरोखर आहेत का, हे साध्या जुळणीने तपासावे. नसतील तर ती तारीख टाकून द्यावी.

शेवटची चाळणी वाराची. जुन्या पत्रांत, निमंत्रणांत वार आणि तारीख शेजारी लिहायची रीत होती, आणि ती फुकटची पडताळणी आहे. 'गुरुवार, दि. १/११/५६' मध्ये १ नोव्हेंबर १९५६ हा गुरुवार, ११ जानेवारी १९५६ हा बुधवार. उलटसुलट वाचनाचा वाद तिथल्या तिथे मिटतो, शतकाचाही. डेटयुटिल मात्र दिवस दिलेला असेल तर वाराकडे बघतही नाही. चुकीचा वार दिला तरी तक्रार नाही. म्हणून हा ताळा आपण करावा: वार जुळला तर ठीक, उलट वाचून जुळला तर उलट घ्यावे, कशानेच जुळला नाही तर माणसाकडे पाठवावे. सातातून एखाद्या वेळी दोन्ही वाचने एकाच वारी पडतात, तेवढी तूट धरून चालावे.

फक्त हा ताळा पत्त्यांची चाळणी झाल्यानंतर लावावा, आधी नाही. समजा पत्राच्या माथ्यावर असे आहे: 'गुरुवार पेठ, टिळकवाडी, दि. ११/१/१९५६'. डे-फर्स्टने ते ११ जानेवारी असे बरोबर वाचले. मग वार तपासणारा आला. त्याला 'गुरुवार' दिसला, ११ जानेवारी बुधवार निघाला, उलटून पाहिले तर १ नोव्हेंबर, आणि तो नेमका गुरुवार.